निकटवाचन आणि नेत्रांचे सहकार्य

दूरचे फलक बिनचूक वाचणारे मूल पुस्तक उघडताच कपाळ चोळू लागले, त्याची ओळ वारंवार हरवू लागली, किंवा अक्षरे दुहेरी दिसतात अशी तक्रार ते करू लागले, तर त्याच्यावर आळशीपणाचा शेरा मारण्यापूर्वी दोन्ही नेत्रांच्या परस्परसहकार्याची तपासणी करविणे इष्ट होय. निकटची वस्तू पाहताना दोन्ही बुबुळे एकाच वेळी नासिकेकडे वळवावी लागतात. हे वळणे अपुरे पडले वा टिकेनासे झाले, म्हणजे त्या विकारास ‘कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी’ म्हणतात, आणि दूरदृष्टी निर्दोष असू शकत असल्याने भिंतीवरील तक्त्याच्या परीक्षेत तो सहज निसटून जातो.

उपचार मुख्यतः व्यायामाचा. पेन्सिलीचे टोक हळूहळू नाकाकडे आणीत ते एकच दिसत राहील असा यत्न करणे, हा घरगुती प्रकार रूढ आहे. परंतु अमेरिकेत 9 ते 17 वर्षांच्या 221 मुलांवर झालेल्या व 2008 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, 12 आठवड्यांअंती, दवाखान्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम आणि जोडीला घरी सराव करणाऱ्यांपैकी सुमारे 73 टक्क्यांना गुण आला, तर केवळ पेन्सिलीवर विसंबलेल्यांपैकी 43 टक्क्यांना. मात्र 2019 सालच्या चाचणीत, दवाखान्यातील या देखरेखीखालच्या व्यायामाने वाचनाचे आकलन लुटुपुटीच्या उपचारापेक्षा अधिक सुधारल्याचे आढळले नाही. सबब नेत्रश्रम शमविणे एवढेच या उपचाराचे कार्य समजावे, अभ्यासातील मागासलेपणाची अन्य कारणे स्वतंत्रपणे शोधावी, आणि दुहेरी दिसणे अकस्मात सुरू झाल्यास व्यायामात कालहरण न करता नेत्रवैद्याकडे तत्काळ जावे.