बेरीज होते, पण कशाची?

नैराश्य किती आहे हे पाहण्यासाठी जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-9’ ही प्रश्नावली एका पानात मावते. प्रश्न नऊ. झोप, भूक, थकवा, उदासी, स्वतःला संपवण्याचे विचार वगैरे. गेल्या दोन आठवड्यांत यांचा त्रास किती वेळा झाला, एवढंच सांगायचं. अजिबात नाही तर 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त दिवस 2, जवळजवळ रोज 3. मग बेरीज. जास्तीत जास्त 27. 10 ते 14 म्हणजे ‘मध्यम’.

आता दोन माणसं घ्या. एकाला रोज झोप नाही, रोज थकवा, जेवण जात नाही, कामात लक्ष लागत नाही. त्याचे गुण 12. दुसरी झोपते, जेवते, कामंही उरकते. पण ती रोज उदास असते, कशातच रस नसतो, आपण कुचकामी आहोत असं वाटतं आणि मरणाचे विचार येतात. तिचेही 12. चांगला डॉक्टर बेरजेवर थांबत नाही, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वेगळं काढून पाहतो, हे खरं. पण कागदावर आकडा एकच. मग या दोघांमध्ये बारा भरेल असं सारखं काय आहे?

मानसशास्त्राला हा प्रश्न सुरुवातीपासून चिकटलेला आहे. लाइपझिगच्या गुस्टाव फेश्नरने 1860 मध्ये संवेदना मोजण्याचं शास्त्रच मांडलं. वजनात किंवा उजेडात जेमतेम जाणवेल एवढा फरक हे त्याचं एकक. असे सगळे ‘जेमतेम’ फरक मनाला सारखेच वाटतात, हे मात्र त्याने गृहीत धरलं. सगळी इमारत त्या गृहीतकावर उभी होती.

ब्रिटनमध्ये हे प्रकरण चव्हाट्यावर आलं. ब्रिटिश असोसिएशनने 1932 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची एक समिती नेमली. अध्यक्षाच्या नावावरून तिला फर्ग्युसन समिती म्हणतात. संवेदनांचं मापन शक्य आहे का, एवढं तिने ठरवायचं होतं. समितीतले भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन कॅम्बेल यांचं म्हणणं रोखठोक होतं. दोन काठ्या टोकाला टोक लावून ठेवल्या की लांबीची बेरीज डोळ्यांदेखत होते. दोन वजनं एकाच पारड्यात टाकली की वजनाची होते. मनात दोन संवेदना अशा जोडून दाखवा, मग मापनाचं बोला. आठ वर्षं खल झाला आणि 1940 च्या अंतिम अहवालातही एकमत झालं नाही.

या वादात हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्स यांची आवाजाची ‘सोन’ मोजपट्टी भरडली जात होती. त्यांनी 1946 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात उत्तर दिलं. वस्तूंना किंवा घटनांना नियमानुसार अंक देणं म्हणजे मापन, अशी व्याख्याच त्यांनी केली आणि मोजपट्ट्यांचे चार प्रकार पाडले. सर्वांत साध्या प्रकारात अंक म्हणजे नुसतं नाव, खेळाडूच्या पाठीवरच्या नंबरासारखं. दुसऱ्यात नुसता क्रम. खनिजांच्या मोह्‌स पट्टीवर माणिक 9 वर आणि हिरा 10 वर, पण प्रत्यक्ष कठीणपणात हिरा माणकाच्या कितीतरी पुढे. तिसऱ्यात अंतरं सारखी, जसं सेल्सिअस. चौथ्यात खरा शून्यही असतो, जशी लांबी.

विद्यार्थी आजही हे चार प्रकार घोकतात. वर्गीकरण उपयोगी आहे, पण त्यात एक चलाखी आहे असं मला वाटतं. समितीचा प्रश्न होता, संवेदना ही मुळात मोजता येणारी राशी आहे का? स्टीव्हन्सच्या व्याख्येनंतर तो प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. नियम केला, अंक दिले, मापन झालं. सिडनीचे जोएल मिशेल यांची तक्रार नेमकी हीच आहे: मनाचा एखादा गुण संख्यात्मक असणं हा तपासून पाहण्याचा दावा आहे, आणि मानसशास्त्र तो न तपासताच पुढे गेलं.

उलट बाजूही कच्ची नाही. तापमानाची कुठे टोकाला टोक लावून बेरीज होते? थर्मामीटर आधी आले, तापमान म्हणजे काय हे सांगणारा सिद्धांत फार नंतर. मग मानसशास्त्रामागेच घाई का लावायची? शिवाय कॅम्बेलच्या अटीतून एक वाट निघालीसुद्धा. डंकन लूस आणि जॉन टूकी यांनी 1964 मध्ये गणिताने दाखवलं की प्रत्यक्ष जोडणी न करताही, नुसत्या क्रमावरून, आत राशी आहे का हे तपासता येतं. समजा, उत्तर बरोबर येण्याची शक्यता मुलाची तयारी आणि प्रश्नाचा अवघडपणा या दोन्हींवर अवलंबून आहे. सगळ्या जोड्यांचा क्रम लावून तो काही ठरावीक कसोट्यांना उतरला, तर दोन्ही राशी मानायला आधार मिळतो. कसोट्या कडक आहेत, म्हणजे दावा खोटाही ठरू शकतो. गंमत अशी की हत्यार हातात येऊनही रोजच्या चाचण्यांमध्ये ते क्वचितच उपसलं गेलं. नॉर्मन क्लिफ यांनी 1992 मध्ये याला न झालेली क्रांती म्हटलं.

बुद्धिमापनात तर खुद्द जनकानेच इशारा दिला होता. पॅरिसच्या आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये चाचणी केली तेव्हाच सांगितलं की बौद्धिक गुण लांबीसारखे एकावर एक ठेवून मोजता येत नाहीत. आपण मुलांची फक्त प्रतवारी लावतो आहोत. ते 1911 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी विल्यम स्टर्न यांनी चाचणीतून निघणाऱ्या मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागलं, आणि त्यातून बुद्ध्यांक आला. प्रतवारीचा भागाकार झाला.

बिने यांची चाचणी आपल्याकडेही आली. व्ही. व्ही. कामत यांनी तिचं मराठी आणि कन्नड रूप तयार केलं, आणि बिने-कामत चाचणी भारतात पुढेही वापरात राहिली. आकड्यांवर मग निर्णय टेकू लागले. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्राने 2018 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आधी बुद्ध्यांक काढायचा आणि तो 85 च्या वर असेल तरच अक्षमतेच्या चाचण्यांकडे जायचं, असा क्रम होता. परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलती त्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. 84 आणि 86 यांच्यात दोनाचा फरक आहे हे वजाबाकी सांगते. तो फरक मुलामध्ये आहे की फक्त अंकांमध्ये, हे विचारणारा रकाना अर्जात नसतो.