विश्लेषण : ऊर्जानगरच्या अंगणात बिबट्या का येतो?

चंद्रपूर शहरातून मोहर्लीकडे निघाले की दुर्गापूर आणि ऊर्जानगर लागते. शहर हाकेच्या अंतरावर, तरी गोंगाट नाही. वीज केंद्राच्या कर्मचाऱ्यांची ही झाडांनी भरलेली वसाहत राहायला उत्तम. पण अंधार पडला की इथे मुलांना अंगणात सोडायची भीती वाटते.

काय घडले होते?

फेब्रुवारी २०२२ मध्ये लागोपाठ दोन दिवसांत दोन बळी गेले. महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामगाराला ठार केले. दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात १६ वर्षांच्या मुलाला बिबट्याने उचलून नेले. त्याच वर्षी मे महिन्यात बिबट्याने दुर्गापुरातच तीन वर्षांच्या मुलीला धरले. आईने काठीने झोडपून तिला सोडवले. संतापलेल्या रहिवाशांनी वन कर्मचाऱ्यांनाच अडवून धरले.

बिबटे इथेच का?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प बफरसह सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. आईपासून वेगळे झालेले तरुण वाघ स्वतःची हद्द शोधत बाहेर पडतात. जिथे वाघ बळजोर, तिथे बिबट्या कडेला सरकतो. वस्तीच्या कडेला त्याला मोकाट कुत्री, डुकरे, कोंबड्या आयत्या मिळतात. उघड्यावर टाकलेला कचरा आणि मांसाचे तुकडे या जनावरांना गोळा करतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. दिवसा दडायला कोळसा खाणींच्या मातीचे ढिगारे आणि मोकळ्या जागांवर माजलेली झुडपे आहेतच.

पकडून नेले तर?

माणसावर हल्ला करणारा प्राणी पकडावाच लागतो. मात्र रिकाम्या झालेल्या हद्दीत काही दिवसांत दुसरा बिबट्या येऊ शकतो. झुडपे काढणे, कचरा उचलणे, पथदिवे लावणे ही कामे कंटाळवाणी, पण खरा फरक त्यांनीच पडतो. अडचण अशी की जमीन कुठे वीज केंद्राची, कुठे वेकोलिची. कचरा ग्रामपंचायतीचा आणि बिबट्या वन विभागाचा. झुडूप कोणी तोडायचे, यावरच पावसाळा निघून जातो आणि तोवर ते पुन्हा वाढते.

रहिवाशांनी काय करावे?

संध्याकाळनंतर आणि पहाटे मुलांना एकटे सोडू नये. अंधारात झुडपांजवळ वाकून बसू नये, कारण खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासू शकतो. बिबट्या दिसल्यास गर्दी करून मोबाइलवर चित्रीकरण करण्याऐवजी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.