विजेच्या गाडीची ओढ : पुढच्या चाकांवर की मागच्या?

शिरूर तालुक्यातील रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून सर्वांस परिचित आहे. त्याच गावाच्या औद्योगिक वसाहतीतील फियाट इंडियाच्या कारखान्यात टाटांची नेक्सॉन गाडी तयार होते, आणि 2020 च्या जानेवारीत बाजारात आलेली तिची विजेवर चालणारी बहीणही तेथेच बांधली गेली. या गाडीची मोटर पुढच्या चाकांना फिरविते. शिक्रापूरहून चाकणच्या रस्त्यास लागले की शेजारचा खेड तालुका येतो. चाकण येथे महिंद्र कंपनीच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या गाड्या तयार होतात. 2024 च्या नोव्हेंबरात बाजारापुढे आलेल्या या दोन्ही गाड्यांची मोटर मागच्या चाकांना फिरविते. याप्रमाणे लगतच्या दोन तालुक्यांत दोन परस्परविरोधी रचनांच्या गाड्या तयार होत असल्याने, यांतील कोणती आपल्या उपयोगाची, असा प्रश्न शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याने विचारल्यास तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

हा वाद नवा नाही. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने रचलेली विजेची गाडी 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा तिच्या मोटरी पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच बसविलेल्या होत्या. आपल्याकडे अँबॅसडर व पद्मिनी या जुन्या गाड्या मागच्या चाकांच्या ओढीवर चालत. 1983 च्या अखेरीस आलेल्या मारुती 800 ने पुढच्या चाकांची ओढ घरोघर नेली. बंगळूर येथे 2001 साली निघालेली रेवा ही छोटी विजेची गाडी पुन्हा मागच्या चाकांचीच होती. एवढ्यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. यांतील कोणतीही रीत मुळात मागासलेली नाही की पुढारलेली नाही. गाडीचे वजन कोठे पडते, यावर सर्व अवलंबून आहे.

वजनाची ही बाब बैलगाडी हाकणाऱ्यास शिकविण्याची गरज नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार येतो, हे तो गाडी भरतानाच पाहतो. यंत्राच्या गाडीत फरक इतकाच की ओढणारा बैल म्हणजे चाकच होय. चाक जमिनीवर जितके दाबले जाईल तितकी त्याची पकड अधिक. ज्या चाकावर भार नाही, ते चिखलात जागच्या जागी फिरत राहते. ट्रॅक्टरची मोठी चाके मागे असतात याचेही कारण हेच. नांगराचा ताण मागच्या आसावर येतो व तीच चाके जमिनीत दबून ओढ देतात.

पेट्रोलच्या लहान गाडीत इंजिनाचे जड धूड पुढे असते. त्याचा भार पुढच्या चाकांवर आयताच पडतो. सबब तीच चाके फिरविणे सोयीचे व स्वस्त ठरले. विजेच्या गाडीत ही परिस्थिती पालटली आहे. तिचा सर्वांत जड भाग म्हणजे बॅटरी, आणि ती बहुधा दोन आसांच्या मध्ये, बैठकीच्या तळाशी पसरलेली असते. मोटर आकाराने लहान असल्याने ती कोठेही बसते, व मागच्या चाकांस फिरविण्यासाठी गाडीखालून लांब दांडा न्यावा लागत नाही. म्हणून मागच्या चाकांच्या ओढीस पुन्हा दिवस आले आहेत. याउलट, पेट्रोलच्या गाडीचाच सांगाडा घेऊन त्यात वीज बसवावयाची असेल तर इंजिनाच्या जागी मोटर ठेवणे सोपे. नेक्सॉनच्या बाबतीत तसेच झाले आहे.

आता आपल्या वाटेचा विचार करू. शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके कमी पावसाचे खरे. परंतु भीमा, घोड व मुळा-मुठा यांच्या काठची आणि खडकवासला व चासकमान यांच्या कालव्यांखालची काळी जमीन एका पावसात लोण्यासारखी होते. वस्तीवरून डांबरी सडकेपर्यंत येणारी पाणंद आणि मध्ये कालव्याच्या भरावाची चढण, हे आमच्याकडील नेहमीचे दृश्य आहे. समजा, 1,500 किलो वजनाची गाडी आहे व तिचा भार दोन्ही आसांवर सारखा आहे. तिच्या मागच्या भागात कांद्याच्या 50 किलोंच्या 10 गोणी ठेवल्या. त्यांपैकी 400 किलो भार मागच्या आसावर व 100 किलो पुढच्यावर पडला असे धरू. म्हणजे पुढे 850 व मागे 1,150 किलो झाले. गाडी दहास एक अशा चढणीस लागली की सुमारे 50 किलो भार आणखी मागे सरकतो. पुढे 800, मागे 1,200. ओल्या मातीची पकड भाराच्या तीन-दशांश धरल्यास पुढची चाके 240 किलोंची ओढ देतील आणि मागची 360 किलोंची. चढणीकरिता 200 किलो व चिखल कापण्याकरिता सुमारे 100 किलो, मिळून 300 किलो ओढ हवी. मागच्या चाकांची गाडी भराव चढून जाईल. पुढच्या चाकांची मध्येच फिरत राहील. ती उलटी करून मागे मागे चढविल्यास पुढच्या आसावर 900 किलो भार येऊन ओढ 270 किलो होते. तरीही 30 किलो कमीच पडतात. काही गोणी उतरविल्यावाचून गत्यंतर नाही.

वरील आकडे हिशोबाकरिता घेतलेले आहेत; प्रत्येक गाडीस ते बदलतील. परंतु केडगावच्या गुऱ्हाळांतून गूळ वाहणारे टेम्पो मागच्या चाकांचे का असतात, हे त्यावरून ध्यानात येईल.

तथापि ज्यास माल वाहावयाचा नाही, पुणे-सोलापूर किंवा नगरच्या सडकेने कुटुंबासह जावयाचे आहे, त्याने मागच्या चाकांचा हट्ट धरू नये. रिकाम्या गाडीत ओढीचा फरक थोडा राहतो. पुढच्या चाकांची गाडी ओल्या सडकेवर घसरलीच तर नाकाकडून घसरते, आणि वेग कमी करताच बहुधा ताळ्यावर येते. मागची चाके निसटल्यास गाडीचे शेपूट फिरते, व ते सावरणे नवख्यास कठीण जाते. नव्या गाड्यांत घसरण ओळखून ओढ कमी करणारी व्यवस्था असते हे खरे. पण जेथे पकडच नाही तेथे ती पकड निर्माण करू शकत नाही.

विजेच्या गाडीत आणखी एक गोष्ट असते. पाय उचलताच मोटर उलट काम करून वीज बॅटरीत परत भरते व गाडीचा वेग आवरते. वेग आवरला की भार पुढच्या आसावर जातो. म्हणून पुढच्या चाकांची मोटर हे काम अधिक निर्धास्तपणे करते. मागच्या चाकांची रिकामी गाडी निसरड्या उतारावर असेल, तर हा आवर सौम्य ठेवावा. बहुतेक गाड्यांत त्याच्या पायऱ्या ठरविता येतात. दोन मोटरींची, चारही चाके ओढणारी हॅरियर ईव्ही 2025 च्या जूनमध्ये आली आहे. ती दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी टाळते. मात्र किंमत पाहता ती पाणंदीवर घालण्याचे धैर्य किती जणांस होईल, हे सांगता येत नाही.

गाडी रुतल्यावर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलाविण्याची आपली रीत आहे. विजेच्या गाडीस दोर बांधून चिखलातून चार हात बाहेर काढण्यास सहसा हरकत नसते, परंतु तशीच ओढत गावापर्यंत नेऊ नये. चाकांबरोबर मोटर फिरते व बंद गाडीतही वीज उत्पन्न होऊन नुकसान होण्याचा संभव असतो. ओढणारी चाके जमिनीपासून उचललेली असावीत. नेक्सॉनसारख्या गाडीची पुढची व चाकणच्या गाड्यांची मागची. सर्वांत बरे म्हणजे संपूर्ण गाडी सपाट ट्रकवर चढवावी. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत याविषयीचे पान असते. ते पावसाळ्यापूर्वी एकदा वाचून ठेवावे.