मोडकी वस्तू विकली जाते, मग चांगली का नाही?

बंद पडलेली वस्तू कुणी पैसे मोजून विकत घेईल का? 'छे! ती भंगारवाल्याकडेच जायची,' असं तुम्ही म्हणाल. पण १९९५ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात एक गंमत झाली. पिएर ओमिड्यार नावाचा २८ वर्षांचा तरुण संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करायचा. सुट्टीच्या दिवसांत घरी बसून त्यानं इंटरनेटवर लिलावाचं एक दुकान थाटलं. दुकान चालतं का हे पाहायचं म्हणून त्यानं आपला बंद पडलेला लेझर पॉइंटर लिलावाला ठेवला. लेझर पॉइंटर म्हणजे भिंतीवर लाल ठिपका पाडणारी, पेनासारखी दिसणारी वस्तू. ती बंद आहे हे त्यानं लपवलं नाही. तरी ती १४ डॉलर ८३ सेंटला विकली गेली! ओमिड्यारनं घेणाऱ्याला पुन्हा विचारून खात्री करून घेतली, की हा पॉइंटर बंद आहे हे कळलंय ना? त्या गृहस्थांना ते पक्कं ठाऊक होतं. पुढे १९९७ मध्ये या दुकानाचं नाव 'ईबे' झालं आणि ते जगभर पसरलं.

आता आपल्या घरात डोकावू या. माळ्यावर आजोबांचा रेडिओ आहे, फडताळात जुन्या गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा आहे, लहान झालेली सायकल जिन्याखाली उभी आहे. बाबांनी मोबाईलवरून फोटो काढले आणि इंटरनेटवर जाहिरात टाकली. एक महिना गेला, दोन गेले. एखाद-दुसरा विचारतो, 'शेवटचा भाव काय?' आणि गायब होतो. आई म्हणते, 'रद्दीत देऊन टाका एकदाचं.' वस्तू तर चांगली आहे. मग घोडं अडतं कुठे?

हातांचं काम कोण करणार?

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात, तर गिऱ्हाईक काय करतं ते नीट पाहा. ते पितळी डबा उचलतं, वजन अजमावतं, बुडाशी चीर आहे का बघतं. पुस्तकाची पानं फडफडवून वाळवी शोधतं, घड्याळ कानाला लावतं. मग भाव करतं. म्हणजे अर्धा सौदा हातच करतात!

इंटरनेटवर गिऱ्हाइकाला हातच नसतात. त्याच्यासमोर तळहाताएवढा पडदा असतो आणि त्यावर तुमचा फोटो व चार शब्द. जे कळत नाही त्याची माणसाला शंका येते. 'चांगली वस्तू असती तर हे विकायला का निघाले असते?' असं त्याच्या मनात येतंच.

या शंकेवर जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो आधी परत पाठवला होता. पुढे २००१ साली अॅकरलॉफ यांना इतर दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यांनी उदाहरण घेतलं होतं जुन्या मोटारींचं. आपण सायकलींचं घेऊ.

समजा, एका वसाहतीत दहा जुन्या सायकली विकायच्या आहेत. पाच उत्तम आहेत, त्यांची योग्य किंमत ३००० रुपये. पाच खटारा आहेत, त्यांची किंमत १००० रुपये. पण बाहेरून सगळ्या सारख्याच चकचकीत. कुठली कशी आहे हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो मधला भाव सांगतो : २००० रुपये. आता उत्तम सायकलचा मालक म्हणतो, 'एवढ्या कमीत? मला नाही विकायची.' तो घरी जातो. खटारावाला मात्र खूश! हळूहळू बाजारात उरतात त्या फक्त खटारा सायकली. आणि हे गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं की तो २००० सुद्धा देत नाही.

पाहिलंत? खटारा सायकलींमुळे चांगल्या सायकलींचंही नुकसान झालं. आपली वस्तू पडून राहण्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं. आपल्याला जे माहीत आहे ते घेणाऱ्याला माहीत नसतं. ते त्याच्यापर्यंत पोचवायचं, एवढंच आपलं काम.

आधी नाव तर सांगा!

'जुना रेडिओ विकणे आहे. अर्जंट.' अशी जाहिरात कुणाला सापडणार? हवी ती वस्तू माणसं नाव टाकून शोधतात. म्हणून रेडिओ उलटा करा. मागच्या बाजूला कंपनीचं नाव आणि मॉडेलचा क्रमांक छापलेला असतो, तो उतरवून घ्या. पुस्तक असेल तर लेखक, प्रकाशक, साल आणि आवृत्ती लिहा. नाव मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगनंही लिहा. कोण कसं शोधेल याचा नेम नाही.

याचा फायदा किती होतो बघा. 'इंद्रजाल कॉमिक्स' ही मालिका १९६४ मध्ये सुरू झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. वेताळाच्या त्या गोष्टी तुमच्या आईबाबांनी किंवा आजोबांनी वाचल्या असतील. आज ते अंक जमवणारे हौशी लोक आहेत. एखाद्याकडे सगळे अंक असतात, फक्त एक नसतो. तो त्या एका क्रमांकाच्या शोधात असतो. 'जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा' एवढंच लिहिलंत, तर तो तुमच्या दारावरून निघून जाईल. अंकाचा क्रमांक, भाषा आणि साल लिहिलंत, तर तोच थांबेल.

एक शब्दही जपून वापरायचा, तो म्हणजे 'विंटेज'. हस्तकलेच्या आणि जुन्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या 'एट्सी' या इंटरनेटवरच्या बाजारात किमान २० वर्षं जुनी असेल तरच वस्तूला विंटेज म्हणता येतं. तीन वर्षांपूर्वीचं दप्तर विंटेज नव्हे, नुसतंच वापरलेलं!

फोटो कसा काढाल?

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. फ्लॅश नको, त्यानं पितळ आणि काच नुसतीच चमकते. खाली साधी, एकरंगी चादर अंथरा. मागे वाळत घातलेले कपडे दिसता कामा नयेत. पुढून, मागून, खालून असे सगळीकडून फोटो घ्या. शेजारी फूटपट्टी ठेवून एक घ्या, म्हणजे आकार कळेल. आणि एक फोटो हमखास घ्यायचा तो खोटीचा. टवका उडालाय, कान मोडलाय, डाग पडलाय, तिथे अगदी जवळून!

'दोष दाखवला तर कोण घेईल?' असं वाटतं ना? ओमिड्यारचा लेझर पॉइंटर आठवा. दोष दिसला की घेणारा मनाशी हिशेब करतो : एवढंच ना? चालेल. दोष दिसलाच नाही तर तो मनानं दहा दोष कल्पून घेतो. शिवाय लपवलेला दोष पार्सल उघडल्यावर दिसतोच. मग वस्तू परत, पैसे परत आणि भांडण वेगळंच.

एचएमटीच्या घड्याळांचं उदाहरण घ्या. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळुरूला ही घड्याळं बनू लागली. दहावी पास झालेल्या मुलाला एचएमटी मिळणं ही तेव्हा केवढी चैन होती! २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ही घड्याळं बनवणारी कंपनी बंद करायचं ठरवलं आणि जुन्या घड्याळांना मागणी वाढली. पण त्याबरोबर तबकडी नव्यानं रंगवून, इकडचे काटे तिकडे बसवून घड्याळं विकणारेही आले. त्यामुळे जाणकार आता चकचकीत तबकडीला भितात. उलट थोडी पिवळी पडलेली, पण मूळची तबकडी पाहून त्यांना विश्वास वाटतो. बरोबर जुना डबा किंवा बिल असेल तर फारच उत्तम. रेडिओचंही तसंच. एके काळी घरात रेडिओ ठेवायला टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे. त्या परवान्याचं पुस्तक सापडलं तर रद्दीत टाकू नका, त्याचाही फोटो काढा.

म्हणूनच घासूनपुसून लख्ख करायची घाई नको. जुनी नाणी तर मुळीच चिंचेनं घासू नका. घासलेलं नाणं संग्राहक बाजूला सारतात. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ पुसली की पुरे. आणि वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ 'चालतो का बघू' म्हणून प्लगमध्ये घालू नका. आतले भाग खराब होऊन शॉक बसू शकतो. ते काम दुरुस्ती करणाऱ्यांचं. तोवर 'चालू करून पाहिलेला नाही' असं सरळ लिहा.

किंमत, नेहमीचा घोळ

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एक प्रयोग झाला, तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, काहींना दिले नाहीत. मग मिळालेल्यांना विचारलं, 'केवढ्याला विकाल?' ते साधारण सव्वापाच डॉलर म्हणाले. न मिळालेल्यांना विचारलं, 'केवढ्याला घ्याल?' ते अडीचच्या आसपास म्हणाले. मग तोच, आणि मालकी तर काही मिनिटांचीच! तरी 'माझा' म्हटल्यावर किंमत दुप्पट झाली. मग आजोबांनी तीस वर्षं ऐकलेल्या रेडिओचं काय होत असेल?

यावर उपाय सोपा आहे. तशीच वस्तू इतर लोक केवढ्याला *मागतात* हे पाहू नका. केवढ्याला *विकली गेली* हे पाहा. ईबेसारख्या ठिकाणी विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे काढून पाहता येतात. टपालखर्च आधी वजन करून काढा. पुस्तकं फार जड असतात. कधी कधी पुस्तकापेक्षा पार्सलच महाग पडतं. अशा वेळी पाच-सहा पुस्तकांचा संच करा, किंवा आपल्याच गावातलं गिऱ्हाईक शोधा. आणि थोडा धीर धरा. लहान झालेली सायकल घेणारी मुलं गल्लोगल्ली असतात. वेताळाचा तो एक अंक हवा असणारा माणूस देशात एखादाच असेल, त्याला यायला वेळ लागणार.

हे मात्र विसरू नका

जाहिरात तुम्ही लिहा, फोटो तुम्ही काढा. पण व्यवहार आईबाबांनाच करू द्या. पैसे *घेण्यासाठी* यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. 'हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील,' असं कुणी म्हणालं तर तो भामटा समजायचा आणि फोन ठेवायचा. फोटोत घराचा पत्ता किंवा कुणाची सही दिसत नाही ना, तेही तपासा.

हस्तिदंताची वस्तू विकणं आपल्या देशात बेकायदा आहे. मूर्ती, नाणी, चित्रं अशा वस्तू शंभर वर्षांहून जुन्या असतील, किंवा महत्त्वाची हस्तलिखितं ७५ वर्षांहून जुनी असतील, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती परदेशी पाठवता येत नाहीत. त्या विकण्याचा व्यवसाय करायलाही परवाना लागतो. पणजोबांच्या पेटीत असं काही मिळालं, तर आधी जाणकाराला दाखवा.

आणि सगळ्यात आधी घरात विचारा की ही वस्तू कुणाची आहे आणि कधीची आहे. जाहिरातीत लिहायला ही माहिती लागतेच. 'रेडिओ कधी घेतला?' एवढंच आजीला विचारून बघा. ती सांगू लागेल की पहिल्या पगारातून हप्त्यानं घेतला होता, क्रिकेटच्या सामन्याला सगळा वाडा ओट्यावर जमायचा, आणि हा मागचा पोचा कुणी पाडला तेही! यातलं दोन ओळींत लिहिता येईल ते जाहिरातीत लिहा. घेणाऱ्याला ते आवडतं, कारण तो नुसती पेटी घेत नसतो.

कधी असंही होईल, की आजीचं बोलणं ऐकल्यावर आईच म्हणेल, 'राहू दे हा रेडिओ, नको विकायला.' तसं झालं तर जाहिरात काढून टाका आणि रेडिओ माळ्यावरून खाली आणा. फोटो मात्र ठेवा, आणि आजीनं सांगितलेलं वहीत लिहून काढा. जिन्याखालची सायकल अजून विकायचीच आहे. तिचं चाक आधी फिरवून बघा, आणि ब्रेक सैल असेल तर तसंच लिहा!