पोटरीतला पंप

या आठवड्यात हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांकडे वळायचं ठरलं होतं, पण एसटीत वाहक म्हणून उभ्यानं नोकरी केलेल्या एका वाचकाचं पत्र आलं. ते विचारतात : केशवाहिन्यांतून बाहेर पडेपर्यंत रक्ताचा जोर ओसरतो, तर पायातलं रक्त वर चढतं कसं? आणि माझ्या पोटऱ्यांवर या निळ्या गाठी कसल्या? दोन्हींचं उत्तर एकच आहे, आणि ते देण्यासाठी धमन्यांना मी खुशाल थांबवतो. शरीरातलं निम्म्याहून अधिक रक्त शिरांमध्ये असतं, तरी कौतुक सगळं धमन्यांचंच होतं.

शिरांच्या आत झडपा असतात. पाडुआच्या फाब्रिसियसनं त्या बारकाईनं पाहिल्या, पण पायात रक्त तुंबू नये म्हणून त्या प्रवाह मंदावत असाव्यात, एवढंच त्याला वाटलं. त्याचा शिष्य विल्यम हार्वी. झडपांची दिशा पाहूनच रक्ताभिसरणाची कल्पना सुचली, असं त्यानं पुढे रॉबर्ट बॉइलला सांगितलं. १६२८ च्या ग्रंथात त्यानं दिलेला प्रयोग घरी करता येतो. दंडाला पट्टा बांधा, नाडी बंद पडेल इतका घट्ट नको. हातावरच्या शिरा फुगतील, मधेमधे गाठी दिसतील; त्याच झडपा. मनगटाकडे शिरेवर एक बोट दाबून धरा, दुसऱ्या बोटानं रक्त कोपराकडे गाठीपलीकडे सारा. शीर रिकामी राहते, वरचं रक्त खाली येत नाही. दाबलेलं बोट उचला, लगेच खालून भरते. इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच सापडतो.

आता पाय. आपण स्तब्ध उभे असताना हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभाचा भार घोट्याजवळच्या शिरेवर येतो. दाब साधारण ९० मिलिमीटर भरतो. चालू लागलं की काही पावलांत तो ३० च्या आसपास उतरतो. पोटरीचे स्नायू आवळले की खोलवरच्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि झडपा त्याला परत येऊ देत नाहीत. कवायतीत ताठ उभा असलेला जवान भोवळ येऊन पडतो, तेव्हा बहुधा हाच पंप थांबलेला असतो.

झडपा निकामी झाल्या की हा भार त्वचेखालच्या शिरांवर पडतो. त्या फुगतात, वेड्यावाकड्या होतात. याच व्हेरिकोज व्हेन्स. कुळी, वय, बाळंतपणं, वजन आणि सतत उभं राहणं, सगळ्याचा हातभार असतो. दुर्लक्ष केलं तर घोट्याजवळची त्वचा काळवंडते, पुढे न भरणारी जखम होते. उभ्यानं काम करणाऱ्यांनी अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावलं चालावं, घरी पाय उशीवर ठेवावेत. घट्ट मोजे उपयोगी आहेत, पण पायाच्या धमन्या ठीक आहेत ना, हे डॉक्टरांकडून तपासून मगच घाला.

एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, तर मात्र तो चोळू नका. आत गुठळी असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.