सायकलचं वाकडं हँडल आणि आतली पाचर



आमच्या शाळेत सातवीतली एक मुलगी मामाची जुनी माउंटन सायकल घेऊन येते. एकदा ती सायकल पडली आणि हँडल फिरलं. चाक सरळ, हँडल उजवीकडे. मी आपण सगळे करतो तेच केलं. पुढचं चाक गुडघ्यांत धरलं, हँडल पिळलं. सरळ झालं! "जा आता घरी," म्हटलं. दुसऱ्या दिवशी उताराच्या वळणावर हँडल वळलं, चाक वळलंच नाही. बिचारीचे दोन्ही गुडघे फुटले.

चूक माझी होती. हाताने पिळून हँडल सरळ होतं, म्हणजे ते दुरुस्त झालं असं नाही. ते आतून सैल आहे, असं समजायचं.

आत काय असतं?

पुढच्या चिमट्याची नळी फ्रेममधून वर येते. जुन्या सायकलींमध्ये हँडलचा दांडा, म्हणजे स्टेम, या नळीच्या आत उतरलेला असतो. दांड्याचं खालचं टोक बहुधा तिरकं कापलेलं असतं आणि त्याला तशीच तिरकी पाचर लागलेली असते. वरून एक लांब बोल्ट पाचरीत जातो. बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते, तिरक्या कापावरून बाजूला सरकते आणि नळीला आतून दाबून बसते. हँडल धरून ठेवतं ते हे घर्षण. नव्या माउंटन सायकलींमध्ये स्टेम नळीला बाहेरून आवळतात, त्यामुळे ही पद्धत त्यांना लागू नाही.

सरळ कसं करायचं?

१. दांडा किती वर आहे तिथे चिकटपट्टीने खूण करा. काही जुन्या माउंटन सायकलींत पुढच्या ब्रेकची तार स्टेममधूनच जाते. उंची बदलली तर ब्रेकही बिघडतो.

२. वरचा बोल्ट ॲलन कीने किंवा पान्याने दोन-तीन फेरे सैल करा. पूर्ण काढू नका, नाहीतर पाचर आत पडते.

३. बोल्ट सैल झाला तरी पाचर अडकलेलीच असते. बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकेच ठोका. पाचर खाली सुटते. गंज असेल तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर थांबा. जबरदस्ती नको.

४. सायकलवर उभं राहून एक डोळा मिटा आणि वरून बघा. हँडल आणि पुढच्या चाकाचा आस समांतर दिसले पाहिजेत.

५. बोल्ट नीट आवळा, पण अति जोर लावू नका. नळी आतून फुगू शकते. दांड्यावरची कमाल उंचीची खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे.

६. आता चाक गुडघ्यांत धरून हँडल मध्यम जोराने पिळा. हललं नाही तर काम झालं. पुढचा ब्रेकही तपासा.

एवढं करूनही सायकल एका बाजूला ओढत असेल, किंवा दांड्याला चीर दिसली, तर चालवू नका. चिमटा वाकलेला असू शकतो. थेट मेकॅनिककडे न्या.

वर्गात काय केलं?

ती सायकल मी मुलांसमोरच खोलली. दांडा बाहेर काढला, गंज पुसला, ग्रीस लावलं. 'साधी यंत्रे' शिकवताना पाचर म्हटलं की आपण कुऱ्हाडीचं चित्र दाखवतो. इथे पाचर मुलांच्या हातात होती. एक जण म्हणाला, "सर, कुऱ्हाडीची पाचर लाकूड फोडते आणि ही तर धरून ठेवते!" त्यावर अर्धा तास चर्चा रंगली. समांतर रेषांचा सरावही झाला.

शेवटचा बोल्ट त्या मुलीनेच आवळला आणि तपासलाही.

पालकांना एक विनंती. आज संध्याकाळी मुलांच्या सायकलचं चाक गुडघ्यांत धरा आणि हँडल पिळून बघा. फिरलं, तर उद्या सायकल शाळेत पाठवू नका. आधी पाचर बघा.