उष्मांकांपासून पालेभाजीपर्यंत

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना रेशनवरचा लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी आजही आठवते. तेव्हा प्रश्न सरळ होता, पोटात काहीतरी जायला हवं. आदल्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी या भुकेचा हिशेब मांडला होता. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळवायचे, तर १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात. एवढेही ज्यांना परवडत नाहीत, असे लोक खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत ५० टक्के निघाले. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटानेही खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० उष्मांक धरूनच दारिद्र्यरेषा आखली.

या हिशेबाला आव्हान मिळालं तेही पुण्यातूनच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे रोमच्या अन्न व शेती संघटनेत सुमारे दोन दशकं संख्याशास्त्राचं काम करून परतले होते. त्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाचं खाणं रोज कमीजास्त होतं आणि शरीर ते सांभाळून घेतं. सरासरी गरजेच्या खाली आला तो प्रत्येक जण उपाशी, असं धरलं तर आकडा फुगतो. शिवाय खाल्लेलं जुलाबावाटे निघून जात असेल, तर नुसतं धान्य वाढवून काय होणार? आधी स्वच्छ पाणी आणि संडास द्या. दांडेकरांनी त्यांच्या मोजणीचा कसून प्रतिवाद केला. त्याच सुमारास लहान चणीचा माणूसही निरोगीच असतो, असा एक विचार मूळ धरू लागला होता, पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी त्याला ठाम विरोध केला. गरिबांच्या खुजेपणाला निरोगी म्हणणं त्यांना मान्य नव्हतं.

पाणी आणि संडासाबाबत सुखात्मे काळाच्या पुढे होते, असं मला वाटतं. पण शरीर सांभाळून घेतं ते कशाच्या मोबदल्यात, हा प्रश्न त्या वादात बाजूलाच राहिला.

त्याचं उत्तर शोधणारं एक मोठं काम १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गावातल्या लग्न झालेल्या बायकांची नोंद ठेवत, दिवस गेले की त्यांचं खाणंपिणं आणि कष्ट टिपून घेत. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत बाळाचं माप घ्यायचं. वजन आणि लांबी तर झालीच, शिवाय दंडाचा घेर, पोटाचा घेर आणि चिमट्यासारख्या मापकाने पाठीवरच्या त्वचेखालची चरबी. या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली! वरून रोड, आतून चरबीचं हे बाळ पुढे मधुमेहाच्या वाटेवर असतं, हे या संशोधनातून जगापुढे आलं.

याच अभ्यासात बाळाच्या वजनाचं नातं आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा तिच्या ताटात पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा आलं, याच्याशी जास्त जुळलं. निम्म्याहून जास्त बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी पण फॉलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वांत जास्त आढळला. गरोदर बाईला आपण लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतो, त्यातून फॉलेट मिळतं, पण त्यात बी-१२ नसतं. या निष्कर्षानंतर धोरण ठरवणाऱ्यांनी खडबडून जागं व्हायला हवं होतं.

मग २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पालेभाजी, फळं आणि दुधाची हीच गोष्ट प्रत्यक्ष खाऊ घालून तपासली गेली. ६,५०० हून अधिक बायकांना, दिवस जाण्याच्या आधीपासून, रोज समोशासारखा ताजा खाऊ दिला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दुधाची पावडर. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा, कांदा असं काही. सगळ्यांचा मिळून बाळाच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ खाणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं, आणि पालेभाजीच्या सगळ्या गटात गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्क्यांवर राहिला. मला महत्त्वाची वाटते ती पुढची नोंद: अगदी हडकुळ्या बायकांच्या बाळांना वजनाचा हा लाभ मिळालाच नाही. म्हणजे पोट आधी भरायलाच हवं, दांडेकर तिथे चुकले नव्हते. आणि नुसतं पोट भरून भागत नाही, हेही तितकंच खरं.

दरम्यान राज्य सरकार स्वस्थ बसलं नव्हतं. २००५ मध्ये मुलांचं कुपोषण कमी करण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, अंगणवाडीत वजनकाट्याला आणि वाढीच्या तक्त्याला महत्त्व आलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातल्या पाच वर्षांखालच्या खुज्या मुलांचं प्रमाण २००५-०६ मधल्या ४६.३ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ३४.४ वर आलं. मोठं यश होतं हे. पण पुढच्या पाहणीत आकडा ३५.२, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुलं दोन्ही वेळा २५.६ टक्के, रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ४८ वरून ५४ टक्क्यांवर.

का अडलं? एकच कारण सांगता येणार नाही. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्याची हमी दिली, २०२३ पासून ते फुकट झालं, तरी रेशनच्या पिशवीत मुख्यतः गहू-तांदूळच आहे. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक गरम चौरस जेवण आणि मुलांना अंडी आली, ती दिशा बरोबर होती. उलट शाळेत २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू झालं आणि २०२५ च्या सुरुवातीला राज्याने त्याचे पैसे देणं थांबवलं. पुढच्या आठ-दहा वर्षांत आई होणारी मुलगी त्याच वर्गात बसलेली असते.

पुढच्या ग्रामसभेत, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एवढं जरूर विचारा: आमच्या मुलींच्या ताटात या आठवड्यात अंडं, दूध, पालेभाजी किती वेळा आली? आणि उत्तराची नोंद इतिवृत्तात करून घ्या.